मुशी म्हणजे नक्की कोण?

शार्क म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? 'जॉज'मधला तो जबडा, डिस्कव्हरीवरचे स्लो मोशनमधले दात, नाहीतर भाच्याच्या बर्थडेला सलग अकरा वेळा वाजलेलं 'बेबी शार्क'. कोकणातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे मात्र ताट येतं! मालवणाकडे तिला मोरी म्हणतात, रत्नागिरीपासून वर मुंबईपर्यंत मुशी. मेन्यूकार्डावर ती कधी 'मोरी मसाला' असते, कधी 'शार्क फ्राय', आणि हॉटेल जरा जास्तच ट्रेंडी असेल तर 'बेबी शार्क'. शेवटच्या नावावर आपण थोड्या वेळाने येऊच.

मुशी आवडण्याची कारणं एकदम प्रॅक्टिकल आहेत. काटे नाहीत. शार्कला हाडंच नसतात, सगळा सांगाडा कूर्चेचा. त्यामुळे काट्याच्या भीतीने मासे टाळणारा शहरी जावईसुद्धा पोटभर जेवतो. गरम पाण्यात बुडवून खरखरीत साल काढली, भाजक्या खोबऱ्याचं वाटण आणि गरम मसाला घातला की रस्सा थेट मटणाच्या वळणावर जातो. म्हणून तर 'मोरीचं मटण'. मटण परवडत नसलेल्या घरात रविवार साजरा करायचा हा जुना, हुशार मार्ग. फक्त मासळी ताजी हवी. शार्क अंगातलं मिठाचं गणित सांभाळायला रक्तात युरिया साठवते, आणि मासा शिळा झाला की त्याचा अमोनिया होतो. तो वास एकदा घेतला की पुन्हा विसरत नाही माणूस.

आणि बाळंतिणीला मुशी द्यायची, दूध वाढतं, हा तर किनाऱ्यावरच्या घराघरातला फंडा. माझी राजापूरची आत्या या विषयावर कुणाचंच ऐकून घेत नाही. डॉक्टरांचंही नाही.

तर, राजापूर. बहुतेकांना हे गाव गंगेमुळे माहीत असतं, उन्हाळ्याच्या गरम पाण्याच्या झऱ्यांमुळे, किंवा कोकण रेल्वेच्या त्या स्टेशनमुळे जे गावापासून चांगलंच लांब आहे. हल्ली रिफायनरीच्या बातम्यांमुळे. समुद्र मात्र गावात दिसत नाही. एके काळी अर्जुना नदीच्या खाडीतून गलबतं थेट राजापूरच्या बंदराला लागायची, इंग्रजांनी सतराव्या शतकात इथे वखार घातली ती त्यामुळेच. मग खाडी गाळाने भरत गेली. आज तालुक्यातली मासेमारी बघायची तर तासाभराचा वळणावळणाचा रस्ता धरून नाटे, साखरीनाटे, जैतापूर, मुसाकाजी, आंबोळगड या पट्ट्यात जावं लागतं. साखरीनाटे हे त्यातलं मोठं मच्छीमार गाव, बरीचशी वस्ती दालदी मुस्लिमांची. जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पाविरुद्ध सर्वांत मोठा आवाज इथूनच उठला होता. प्रकल्पाच्या गरम पाण्याने मासळी जाईल ही त्यांची भीती. मासळी कमी होते म्हणजे काय, हे या माणसांना पॉवरपॉइंटवर दाखवावं लागत नाही.

इथे मुद्दाम मुशी मारायला कुणी समुद्रात जात नाही, हे आधी समजून घेऊ. बोट निघते ती बांगड्यासाठी, सुरमईसाठी, कोळंबी किंवा म्हाकुळसाठी. मुशी आपसूक येते. जाळं वर ओढलं की त्यात जे असेल ते असतं, आणि त्यातली बरीचशी आधीच मेलेली असते. जेटीवर तिची पाटी वेगळी लागते, तिचा भाव पुकारला जातो, आणि सगळ्या पाटीला एकच नाव: मुशी.

गंमत, किंवा खरं तर गोची, इथेच आहे. त्या एका शब्दात किती जाती बसतात?

भारताच्या समुद्रात शार्क, पाकट आणि त्यांचे भाऊबंद मिळून दीडशेहून अधिक जाती आहेत. त्यातली आपल्या किनाऱ्यावर सर्वांत जास्त सापडणारी, खरी 'मुशी' म्हणावी अशी, म्हणजे स्कोलिओडॉन. ज्यांनी झूऑलॉजी घेतलं होतं त्यांच्या तोंडावर आत्ता एक विशिष्ट भाव आला असेल. हो, तीच. फॉर्मेलिनच्या वासात, मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्या लावून उलटी झोपवलेली ती डॉगफिश! यूजीसीने २०१४ साली विच्छेदनावर पूर्ण बंदी घालेपर्यंत देशभरातल्या पिढ्यांनी कवटीतल्या नसा शोधल्या त्या हिच्याच. परीक्षेत जर्नल पूर्ण करण्यापलीकडे तिच्याबद्दल कुतूहल वाटावं असं कुणी सांगितलं नाही, नाहीतर बाई फार इंटरेस्टिंग आहेत. ही शार्क अंडी घालत नाही, पिल्लांना जन्म देते, आणि पोटातल्या पिल्लाला आपल्यासारखंच नाळेतून पोसते. तिचं अंडं जेमतेम मिलिमीटरभर असतं, पुढचं सगळं आईकडून. वर्षा-दोन वर्षांत ती वयात येते, गर्भ सहा महिन्यांच्या आत पूर्ण वाढतो, एका वेतात डझनभर पिल्लं होऊ शकतात. पूर्ण वाढलेली मुशी किती मोठी? दीड-दोन फूट. बस्स.

आता तिच्या शेजारी हॅमरहेड ठेवा. आपल्याकडे कानमुशी म्हणतात, हातोड्यासारख्या त्या डोक्यामुळे. कानमुशीची मादी दहा-बारा फुटांपर्यंत वाढते. काही समुद्रांत तिला वयात यायलाच पंधरा वर्षं लागतात. गर्भ जवळपास वर्षभर. आययूसीएनच्या यादीत हॅमरहेडच्या दोन मोठ्या जाती २०१९ पासून 'अतिसंकटग्रस्त' आहेत, म्हणजे जंगलातून कायमचं नाहीसं होण्याच्या आधीची शेवटची पायरी. आणि जन्मताना कानमुशीचं पिल्लू केवढं असतं?

दीड फूट.

म्हणजे पाटीत शेजारी शेजारी पडलेल्या, सारख्याच लांबीच्या, सारख्याच करड्या रंगाच्या दोन माशांमधला एक चार पिढ्यांची आजी असू शकतो आणि दुसरा परवा जन्मलेलं बाळ. काळ्या टोकाच्या परांच्या मोठ्या शार्कची पिल्लंही याच मापाची. खाड्यांच्या तोंडाशी, उथळ गढूळ पाण्यात मोठ्या शार्क पिल्लं सोडतात, कारण तिथे त्यांना खाणारं कुणी कमी असतं. नेमकं तिथेच आपलं जाळं असतं. मेन्यूकार्डावरची 'बेबी शार्क' म्हणूनच मला जरा जास्त लागते. ते नाव विनोदाने दिलेलं असलं तरी बऱ्याचदा ते शब्दशः खरं असतं.

हा घोळ सरकारला कळत नाही असं नाही. उलट, सरकारने एकदा सगळा प्रश्न एका फटक्यात सोडवायचा प्रयत्न केला होता. ११ जुलै २००१ रोजी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने सगळ्याच्या सगळ्या शार्क आणि पाकटं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत टाकली. पहिली अनुसूची म्हणजे वाघाची रांग. विचार करा, मुशीची पाटी डोक्यावर घेतलेली बाई कायद्याने वाघाच्या शिकाऱ्याच्या पंक्तीला! दक्षिणेत, जिथे खास शार्कसाठी खोल समुद्रात जाणारी गावंच्या गावं आहेत, तिथून मोठा विरोध झाला. शास्त्रज्ञांनीही सांगितलं की बाबांनो, यातल्या सगळ्याच धोक्यात नाहीत. पाच महिने नाही झाले तोवर, ५ डिसेंबर २००१ ला, यादी आवळून दहा जातींवर आणली गेली. देवमाशाएवढी पण निरुपद्रवी व्हेल शार्क, गंगेतली शार्क, करवत मासे, पाठीवर काटेरी चिलखत असलेलं एक पाकट वगैरे. वरच्या वर्णनातली कानमुशी त्या दहांत नव्हती.

तेव्हापासून गाडी याच दोन टोकांमध्ये हेलकावे खातेय: सगळं बंद, नाहीतर यादी. यादी हळूहळू वाढली. २०१३ मध्ये नियम आला की बोटीवर शार्कचे पर कापायचे नाहीत, मासा परांसकट किनाऱ्यावर आणायचा. २०१५च्या फेब्रुवारीत सगळ्या शार्कच्या परांची निर्यात बंद झाली. २०२२ साली वन्यजीव कायदा दुरुस्त झाला, १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला, अनुसूच्या नव्याने लिहिल्या गेल्या आणि त्यात शार्क-पाकटांच्या आणखी जाती आल्या. त्याच सुमारास 'सायटीस' या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराने शार्कच्या एका आख्ख्या कुळाचा व्यापार नियंत्रणाखाली आणला. त्या कुळात आपली स्कोलिओडॉनही आहे! म्हणजे परदेशी पाठवायची तर कागदपत्रं, आणि दादरच्या बाजारात घ्यायची तर पिशवी.

परांच्या बंदीबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण 'शार्क वाचवा' म्हटलं की आपल्याला पहिल्यांदा आठवतं ते हाँगकाँगमधलं ते सूप. पोस्टर्स, सेलिब्रिटी, हॅशटॅग सगळं त्या सुपाविरुद्ध. परांचा चोरटा धंदा आहे, यात शंका नाही. २०१८च्या सप्टेंबरमध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने मुंबईतल्या शिवडीत आणि गुजरातमधल्या वेरावळमध्ये मिळून तब्बल ८,००० किलो पर पकडले होते. पण आपल्या किनाऱ्याचं खरं चित्र वेगळं आहे. इथे पर कापून धड समुद्रात फेकणं कुणाला परवडतच नाही, कारण धडाला घरचं गिऱ्हाईक आहे. गुजरात आणि महाराष्ट्रातल्या मच्छीमारांशी बोलून केलेला एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, त्याचा रोख हाच होता: शार्क कमी झाल्यात हे मच्छीमार स्वतःच सांगतात, आणि त्यामागे परांपेक्षा देशातल्या मांसाच्या बाजाराचा हात मोठा आहे. म्हणजे चिनी लग्नातलं सूप नाही, तर आपला रविवार. ऐकायला बरं वाटत नाही, पण ठीक आहे.

याच संशोधकांपैकी दिव्या कर्नाड यांनी सहकाऱ्यांबरोबर पुढे दहा किनारी राज्यांतली २,६४९ सी-फूड हॉटेलं तपासली. २०२४ मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांनुसार त्यातल्या २९२ ठिकाणी शार्क मिळत होती. साधारण दर नऊ हॉटेलांमागे एक. गोवा आणि तमिळनाडू सगळ्यात वर, महाराष्ट्र बराच खाली. म्हणजे 'वीकेंडला गोव्यात काहीतरी हटके ट्राय करू' म्हणणारे तुम्ही-आम्हीच या गणितात आहोत, जेटीवरून दोन मुश्या घरी नेणारी आत्या नव्हे. मुळात गरिबाघरची मासळी ती. पर्यटकांच्या ताटात जाऊन ती महाग झाली, आणि हॉटेलवाल्यांना हव्यात छोट्या, कोवळ्या. पुन्हा तेच पिल्लांचं माप.

किती कमी झाल्यात? सीएमएफआरआय, म्हणजे कोचीची केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्था, देशभरातल्या जेट्यांवर मासळी मोजते. १९९८ साली भारतात शार्क-पाकटं मिळून सुमारे ७५ हजार टन उतरली होती. २०१३ मध्ये ४६ हजारांच्या आसपास. मधल्या काळात बोटी वाढल्या, इंजिनं वाढली, जाळी मोठी झाली, जीपीएस आलं. एवढं सगळं वाढूनही हाताला कमी लागतंय. जगभरातल्या खुल्या समुद्रातल्या शार्क आणि पाकटांची संख्या १९७० पासून ७१ टक्क्यांनी घटल्याचा अंदाज २०२१ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आला होता, तेव्हा आपण त्या जगाच्या बाहेर आहोत असं मानायचं काही कारण नाही. त्यातून भारत हा शार्क पकडणाऱ्या देशांच्या यादीत इंडोनेशियाच्या जोडीने अगदी वर असतो.

मग दुसरे लोक काय करतात? मालदीवने २०१० साली शार्क पकडणंच बंद केलं. पलाऊ या चिमुकल्या देशाने त्याच्या आदल्या वर्षी आपला आख्खा समुद्र शार्कचं अभयारण्य म्हणून जाहीर केला. छान वाटतं. पण मालदीवमध्ये पाणी काचेसारखं आहे, जिवंत शार्क बघायला डायव्हर डॉलर मोजतो, आणि तिथला मच्छीमार गळाला एकेक टूना लावून काढतो. आपल्या खाडीच्या तोंडाशी दोन फुटांवरचं दिसत नाही, शार्क बघायला कोण पैसे देणार? युरोप-अमेरिकेतल्या थंड समुद्रांत कोटा ठरवतात, या जातीचे इतके टन, संपले की बंद. तिथे ते जमतं, कारण जाळ्यात मोजक्या जाती येतात. उष्ण कटिबंधातल्या समुद्राचा स्वभावच निराळा. साखरीनाट्याला एका ओढीत किती प्रकारची मासळी येते ते एकदा जाऊन बघा. त्यातून 'कानमुशी नको' असं जाळ्याला सांगणार कसं?

गुजरातमध्ये एक प्रयोग जमला, तो सगळ्यांच्या तोंडी आहे. नव्वदच्या दशकात सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर व्हेल शार्क मारल्या जायच्या. यकृताचं तेल होड्यांना लावायला, मांस परदेशी. माइक पांडे यांच्या 'शोअर्स ऑफ सायलेन्स' या २०००च्या फिल्मने ते जगाला दाखवलं, २००१च्या मे महिन्यात या माशाला संरक्षण मिळालं, आणि २००४ मध्ये मोरारी बापूंनी सांगितलं की ही तर माहेरी बाळंतपणाला येणारी लेक. तिचं नावच 'व्हाली', लाडकी. तेव्हापासून मच्छीमारांनी स्वतःची जाळी कापून शेकडो व्हाली सोडल्या. सलाम! पण बसएवढा, ठिपक्याठिपक्यांचा, एकमेव दिसणारा मासा ओळखणं सोपं असतं. मुशीच्या पाटीतल्या दीड फुटी पिल्लाला लेक कोण म्हणणार?

महाराष्ट्रानेही डिसेंबर २०१८ पासून अशी योजना सुरू केली. संरक्षित प्राणी जाळं कापून सोडला, त्याचे फोटो-व्हिडिओ दिले, तर कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभागाकडून जाळ्याच्या नुकसानीपोटी २५ हजारांपर्यंत भरपाई. कासवं, डॉल्फिन, व्हेल शार्क यांना तिचा फायदा झालाय. योगायोग बघा, २०२२च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अनुसूचीतला प्राणी मारल्यास तुरुंगवासाबरोबरचा किमान दंडही २५ हजारच. पण यातही एक शारीरिक अडचण आहे जिच्यावर फारसं कुणी बोलत नाही. सोडायचा तर मासा जिवंत हवा. पाकटं आणि गिटारसारखे दिसणारे त्यांचे भाऊबंद तळाशी पडून श्वास घेऊ शकतात, त्यामुळे जाळ्यात थोडा वेळ काढतात, आणि परत टाकले तर जगायची चांगली शक्यता असते. कानमुशीला पाणी कल्ल्यांतून जायला सतत पोहावं लागतं. जाळ्यात अडकली की लवकर मरते. 'सोडून द्या' हा नियम पाकटाला वाचवेल, कानमुशीच्या बाबतीत तो मेलेला मासा समुद्रात टाकायला सांगणारा नियम ठरेल. ज्याच्या डिझेलचा खर्च निघालेला नाही त्याला तुम्ही हे सांगून बघा.

तेव्हा कानमुशीसाठी जाळं कुठे आणि कधी लागतं याचाच विचार करावा लागेल. पिल्लं होतात ते महिने, खाडीच्या तोंडाचा तो पट्टा, तेवढ्यापुरती बंदी. ही कल्पना आपल्याकडे अनोळखी नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची पावसाळी बंदी यांत्रिक बोटी पाळतातच, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यात न जाण्याची रीत कायद्याहून कितीतरी जुनी. स्वतः ठरवलेला नियम किनारा पाळतो. दिल्लीहून जुलैत आलेला आणि डिसेंबरात परत गेलेला नाही पाळत. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवली, पापलेट, बोंबील, सुरमई यांची पिल्लं मारू नयेत म्हणून. तो नियम चांगलाच. पण शार्कच्या पाटीवर नुसती फूटपट्टी ठेवून काम भागत नाही, हे वर बघितलंच. आधी नाव कळायला हवं, मग माप.

आणि नाव सांगणार कोण? कार्यालयांची वाटणी बघा. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाकडे, त्यापलीकडे केंद्र. मासा अनुसूचीत असेल तर वन विभाग. निर्यात म्हटलं की वाणिज्य मंत्रालय. एक मासा, चार खुर्च्या. मार्च २०२२ मध्ये कर्नाटकातल्या मालपे बंदरात सुमारे अडीचशे किलोचा करवत मासा उतरला, जो २००१ पासून वाघाच्या रांगेत आहे. क्रेनने उचलताना त्याचे व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर फिरले. एकवीस वर्षांत जेटीवरच्या माणसापर्यंत यादी पोचली नव्हती. करवत मासा ओळखायला काही पीएचडी लागत नाही हो, नाकाला करवत असते!

सीएमएफआरआयने २०१५ साली शार्कसाठीच्या राष्ट्रीय कृती आराखड्याचं मार्गदर्शन प्रसिद्ध केलं. त्यात जातीनिहाय नोंद, ओळख, प्रशिक्षण हे सगळं आहे. मला त्यातली सर्वांत बिनग्लॅमरची गोष्टच सर्वांत महत्त्वाची वाटते: जेटीवर उभं राहून, रोज, पाटीतली मुशी वेगवेगळ्या नावांनी लिहिणारा माणूस. रत्नागिरीत शिरगावला १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे, सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्र तर १९५८ पासून. तिथलं मत्स्यालय आपण गणपतीपुळ्याच्या ट्रिपमध्ये उरकतो. तालुक्या-तालुक्याच्या जेटीवर उभी राहू शकतील अशी शिकलेली मुलं इथेच तयार होतात, आणि मग नोकरीसाठी दुसरीकडे जातात.

तसं पाहिलं तर या मुलखातल्या माणसाला मासे वेगवेगळे ओळखता येत नव्हते असं अजिबात नाही. राजापूर तालुक्यातच कशेळीला सड्यावर हजारो वर्षांपूर्वीचं कातळशिल्प आहे, पन्नास फुटांहून लांब हत्ती, आणि त्याच्या अंगात कोरलेले कितीतरी प्राणी. त्यात शार्क आहे, पाकटही आहे, दोन्ही वेगवेगळे आणि बघताक्षणी ओळखू येणारे. २०२२ मध्ये ही कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. मच्छीमारांकडेही जुन्या जाती-जातींची नावं आहेत, बोटीवरच्या म्हाताऱ्या तांडेलाला विचारा. लिलावात भाव एक असतो म्हणून नाव एक होतं, एवढंच.

राहिला आत्याचा आणि बाळंतिणीचा प्रश्न. मोठ्या शिकारी माशांच्या अंगात आयुष्यभर पारा साठत जातो. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना शार्क पूर्ण टाळायला सांगतं. छोट्या, कमी जगणाऱ्या मुशीत तो साठायला वेळच कमी मिळतो, पण तुकडे करून आलेल्या माशात ती छोटी मुशी होती की मोठ्या शार्कचा शेपटाकडचा भाग, हे घरात कळत नाही. म्हणजे इथेही प्रश्न नावाचाच.

स्कोलिओडॉन काही एकदम निर्धास्त नाही. आययूसीएनने तिला 'संकटाच्या उंबरठ्यावर' धरलंय, आणि आपल्या किनाऱ्यावर शार्कमधला मोठा वाटा तिचाच असल्याने तिच्यावरचा दाबही मोठा. पण पटापट वाढणारी, पटापट विणारी ही एकच अशी आहे जिची मासेमारी नीट सांभाळली तर ती टिकू शकते, आणि गरिबाघरचा रविवारही. हॉटेलात ते तपासता येत नाही, तिथे मी ती मागवत नाही. बाजारात मात्र तपासता येतं. पुढच्या वेळी मुशी घ्याल तेव्हा मासळीवाल्या मावशींना म्हणा, "मावशी, डोकं असलेली दाखवा." त्या आधी तुमच्याकडे बघतील, मग शेजारणीकडे, मग हसतील, पण दाखवतील. तोंड फावड्यासारखं चपटं-लांबट, पाठीवरचा पहिला पर बराच मागे सरकलेला, अंग साधं करडं आणि परांना काळी टोकं नाहीत, तर ती खरी मुशी. डोकं आधीच कापून टाकलंय असं उत्तर आलं तर बांगडा घ्या. तिरफळं घालून तोही झकास होतो.